झंझाडभाऊंचे रिवाज

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये दरवर्षी कूलरची पूजा होते. हसू आलं तर खुशाल हसा, पहिल्या वर्षी आम्हीही हसलो होतो. होळी झाली, ऊन डोक्यात जायला लागलं, की एका रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये एक कूलर धुऊनपुसून उभा करतात. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, हळदीकुंकू लागतं, नारळ फुटतो. टाकीत पाणी ओतून बटण दाबलं की वाळ्याचा तो ओला वास पार गेटपर्यंत जातो. पहिला वारा कोणी घ्यायचा याचाही नियम आहे. स्कीममधली सगळ्यांत वयस्क बाई समोर खुर्ची टाकून बसते, तिच्यामागे वयाप्रमाणे बाकीची रांग, आणि प्रत्येकाच्या हातात कैरीच्या पन्ह्याचा ग्लास. नवीन राहायला आलेले लोक विचारतात, ही कोणती जुनी प्रथा हो? आम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगतो, फार जुनी. जुनी वगैरे काही नाही. रामदास झंझाड नावाच्या माणसानं ती आमच्या डोळ्यांदेखत, चहा पिता पिता काढली आहे.

झंझाडभाऊ आमच्या समोरच्या दारात राहायचे. आता उमरेड रोडला त्यांनी स्वतःचं घर बांधलंय, पण त्यांचं नाव निघालं नाही असा आठवडा स्कीममध्ये जात नाही. ठेंगणे, भरल्या अंगाचे, कानामागे पेन्सिल खोचलेली आणि भुवयांत लाकडाचा भुसा. लकडगंजमधल्या एका आरामशिनीवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, ते मॅनेजर. दिवसभर करवतीवर आवाज चढवून बोलायचं, ती सवय घरीही सुटायची नाही. ते बायकोला मीठ मागायचे तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधायची.

राहायला आले त्याच संध्याकाळी आमचं दार वाजलं. दारात हे गृहस्थ, मागे हातात मोठं झाकलेलं पातेलं घेऊन सुमनवहिनी, शाळेत जाणारा बंटी, आणि वहिनींच्या पदराआडून अर्धाच चेहरा दाखवणारी इवलीशी चिमी.

"ताई, समोर राहाले आलो! आमच्या घरचा रिवाज हाय, नव्या घरचं पहिलं जेवण शेजाऱ्याच्या घरी जेवायचं. वडाभात आणला सुमनच्या बहिणीकडून. ताटं काढा!"

मी गोंधळून ताटं काढली. माझा स्वभाव तसा चिडका, आगंतुकपणा मला खपत नाही. पण वडाभातावर हिंग-मोहरीची कढत फोडणी पडली आणि चिडायचं राहून गेलं. आम्ही आमच्याच घरात त्यांचे पाहुणे होऊन पोटभर जेवलो. नंतर हात धुताना मी वहिनींना विचारलं, हा रिवाज तुमच्याकडे पहिल्यापासूनचा का?

"कायचा रिवाज वं ताई," त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या. "भांड्यायचं पोतं सापडून नाही राहिलं. ह्यायनं आत्ता जिन्यात काढला थो रिवाज."

पुढच्या वर्षी त्याच तारखेला ते पुन्हा वडाभात घेऊन आले. भांडी तर केव्हाच सापडली होती.

"एकदा केलं तं हौस, दोनदा केलं का रिवाज!" ते दोन्ही हात हवेत उडवून सांगायचे. "आन् तिसऱ्या खेपेले कोणी काहून म्हणून विचारत नाही, ताई. तुमी पाहून घ्या."

आमचं घराणं नागपूरच्या महाल भागातलं, भोसल्यांच्या वेळेपासूनचं. आमच्याकडे रिवाजांचा तोटा नाही. महालक्ष्म्या आल्या की आमच्या घरी आठ दिवस आधीपासून सगळ्यांची डोकी फिरलेली असतात. पुरण सैल झालं म्हणून एक जाऊ दुसरीशी बोलत नाही, नैवेद्याला उशीर झाला म्हणून सासूबाई कोणाशीच बोलत नाहीत, आणि पुरुषमंडळी पेपर तोंडासमोर धरून जीव वाचवतात. सगळं यथासांग पार पडतं आणि शेवटी सगळे एकमेकांवर रागावून आपापल्या घरी जातात. असल्या घरात नांदलेल्या बाईला समोरच्या दारातला हा गोंधळ आधी पोरखेळ वाटला. मग हळूहळू त्याचा हेवा वाटायला लागला, हे कबूल करते.

झंझाडभाऊंच्या घरात देवच नव्हते. देव्हाऱ्याच्या जागी एक कोरी फळी, तीही आरामशिनीवरच्या सागवानाची, छान पॉलिश केलेली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आमच्यात वाटणी झाली का देव थोरल्याकडे जाते. सण बी मंग थोरल्याच्याच घरी. धाकट्यानं त्याच्या दारात जाचं, पाया पडाचं, जेवाचं, वापस याचं."

"मग तुम्ही जात नाही?"

"नाही जात."

आवाज एकदम खाली आला. या माणसाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. थोरले भाऊ शामराव कुहीजवळच्या त्यांच्या गावी धानाची शेती करायचे, आणि दोघा भावांचं बोलणं बंद होतं. बंटी पाळण्यात होता तेव्हापासून बंद. का, ते वहिनींनीही सांगितलं नाही. दोन्ही मुलांनी आपल्या मोठेबाबांना, म्हणजे या थोरल्या काकांना, कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या कोऱ्या फळीकडे पाहत भाऊ म्हणाले, "पोट्टे उद्या मोठे होतीन ताई. एक इकडं जाईन, एक तिकडं. त्यायले एकमेकाच्या दारात याले काही कारण पाहिजे का नाही? देव तं माह्यापाशी नाही. मंग म्या काय द्याचं त्यायले?" आणि लगेच ओरडून, "म्हणून रिवाज! जेवढे जमते तेवढे देऊन ठिवतो!"

झपाटल्यासारखे द्यायचे. लाइट गेली की घरात बसायचं नाही, सगळ्यांनी जिन्यात यायचं, हा त्यांचाच रिवाज. मी वीज कंपनीच्या ऑफिसात कामाला. त्याआधी लाइट गेली की आख्खी स्कीम माझ्या दाराकडे पाहायची, जणू मीच फ्यूज काढून पर्समध्ये टाकलाय. भाऊंनी जिन्यात मैफल सुरू केली, आणि आज दिवसभरात कशानं हसू आलं ते प्रत्येकानं सांगायचं असा नेम केला. पुढे पुढे लोक लाइट आली की "अरे, इतक्यात?" म्हणायला लागले. नोकरीत मला तेवढा मान कधी मिळाला नाही.

बंटी सहामाहीत गणितात नापास झाला तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. पोरगं शाळेतून आलं आणि दप्तर मांडीवर घेऊन जिन्यातच बसलं, दाराशी जाईना. मी विचारलं तर डोळ्यांतून पाणी. भाऊ आले, ऐकलं, उलट्या पावली खाली गेले. मला वाटलं, आता काही पोराचं खरं नाही. थोड्या वेळानं वर आले ते दोन्ही काखांत सांभाराच्या जुड्या घेऊन. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, आणि तिची सांभारवडी म्हणजे सगळ्या घराला जुंपणारं काम. सगळ्यांना पाट मांडून बसवलं. निवडा, चिरा, सारण करा, लाटा, तळा. बंटीला मधोमध बसवून पहिली वडी त्याच्या तोंडात घातली.

"पास झाला का सारी दुनिया पेढे देते," भाऊ कढईसमोरून ओरडले. "फेल झाला का कोण देते? आँ? थे घरच्यायलेच द्या लागते नं! आजपासून आपल्या घरी फेल झाला का सांभारवडी!"

आमच्या यांनी नाक मुरडलं. अशानं पोरगा दरवर्षी नापास होईल, म्हणाले. पोरगा वार्षिकला पास झाला, आणि सांभारवडी नाही मिळणार म्हणून थोडा हिरमुसला. पुढे आमच्या यांचं प्रमोशन हुकलं. ते घरी आले, बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. आम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं, आणि चिमी झाकलेली ताटली माझ्या हातात देऊन पळून गेली. आत सांभारवड्या होत्या, अजून गरम. यांनी त्या चष्मा काढून ठेवून खाल्ल्या. त्या दिवसानंतर त्यांनी भाऊंच्या कुठल्याही रिवाजाला नाक मुरडलं नाही.

या सगळ्या उत्साही घरात एकाच गोष्टीला बंदी होती, ती म्हणजे रुसून बसायला. भांडा, ओरडा, ताट आपटा, चालेल. तोंड फिरवून गप्प बसायचं नाही. बंटी कोपऱ्यात गेला की भाऊंचा चेहराच बदलायचा. "मोठेबाबावाणी करू नको!" ते ओरडायचे. हळूहळू त्यातला "वाणी" गळाला. "काय बे, मोठेबाबा झाला का तुले?" असं विचारलं जाऊ लागलं. मग वहिनीही म्हणायला लागल्या, "चिमीले आज सकाळपासून मोठेबाबा होऊन राहिला." सर्दी झाली, खोकला झाला, तसा मोठेबाबा झाला. एकदा चिमी आमच्याकडे खेळायला आली आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "काकू, तुमाले मोठेबाबा झाला का?" मी यांच्याशी भांडून बसले होते. मला इतकं हसू आलं की भांडण तिथेच संपलं. हा शब्द आमच्याही घरात शिरला, आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

आणि मग ती मारबत आली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, पिवळी आणि काळी, आणि मागे बडग्यांची, म्हणजे पुरुषांच्या पुतळ्यांची, रांग. वर्षभराचं जे काही वाईट असेल ते त्या पुतळ्यांच्या गळ्यात बांधायचं, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचं. रस्त्यांवर मुंगी शिरायला जागा नसते. भाऊंनी स्कीममध्ये घरचा बडग्या काढायचा रिवाज पाडला होता. मोठी मिरवणूक पाहायला जायच्या आधी सकाळी आपला आपला बडग्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचा, आपल्या घरातून काय जायला हवं ते प्रत्येकानं ओरडून सांगायचं, आणि पेटवायचा.

त्या वर्षीचा बडग्या फार देखणा झाला होता. लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, भाऊंचा जुना शर्ट, आत भुसा, गळ्यात बिघडलेले मोबाइलचे चार्जर. डफडं बंटीकडे. आख्खी स्कीम मागे. भाऊंच्या अंगात तर सकाळपासून वारं शिरलेलं. त्यांनी काडी लावली, खालच्या पट्ट्यांनी धूर धरला, आणि त्यांनी सुरुवात केली.

"खासी-खोकला, रोगराई..."

"घेऊन जा गे मारबत!"

"गणिताचा पेपर..." हा बंटी.

"घेऊन जा गे मारबत!"

"ह्यायचं घोरणं..." सुमनवहिनी.

"घेऊन जा गे मारबत!"

"लाइट जाणं..." आमचे हे, माझ्याकडे पाहत.

सगळे हसून हसून बेजार. मग चिमीला स्टुलावर उभं केलं. त्या वर्षी ती नुकतीच शाळेत जायला लागली होती, आणि ओरडायची तिची पहिलीच पाळी. तिनं मोठा श्वास घेतला, डोळे मिटले.

"मोठेबाबाले..."

"घेऊन जा गे मारबत!"

सगळ्यांनी सवयीनं ओरडून टाकलं. सगळ्यांत मोठा आवाज भाऊंचा होता.

मग आवाज एकेक करून बंद झाले. बंटीनं डफडं थांबवलं. चिमी कौतुकाची वाट पाहत सगळ्यांकडे बघत होती. भाऊंचं तोंड उघडंच राहिलं होतं. रोगराई म्हणा, महागाई म्हणा, मारबतीत काहीही द्यावं. जित्या माणसाचं नाव कोणी देत नाही, आणि रक्ताच्या माणसाचं तर नाहीच नाही. ते एकदम बडग्यावर झेपावले. हातांनीच विझवायला लागले, कोणी तरी बादली ओतली, आणि धुरात अर्धा जळका बडग्या धरून ते उभे राहिले. तळहात भाजले होते, त्याचं भान नव्हतं.

"सुमन, कुहीची बस कोणती हाय वं आत्ता?"

"आज कोठी बस? सारे रस्ते मारबतीनं भरले."

"फोन करा ना भाऊ," मी म्हटलं.

"मारबतीत घेतलेलं नाव फोनवर वापस घेता येते का, ताई?" आणि मग रडकुंडीला येऊन, "मी नाही मानत असं काही. खरंच नाही मानत. पण दादाचं काही झालं तं? म्याच ओरडलो नं! माह्याच तोंडातून गेलं!"

मी घरात जाऊन गाडीची चावी आणली. मागे वहिनी आणि दोन्ही मुलं, पुढे भाऊ, भाजलेले हात मांडीवर उताणे ठेवून, वहिनींनी वर खोबरेल तेल लावलेलं. गल्लीबोळांतून काढत काढत उमरेड रोडला लागेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. प्रत्येक चौकात "घेऊन जा गे मारबत" चा गजर, आणि प्रत्येक गजरासरशी शेजारच्या सीटवर भाऊ दचकत होते.

शहर मागे पडलं तेव्हा मागून चिमीनं विचारलं, "बाबा, मोठेबाबा माणूस हाय?"

भाऊ मागे वळून म्हणाले, "हाव बेटा. माणूस हाय. माह्या भाऊ हाय थो."

आणि आपणहून सांगायला लागले. वाटणीनंतरचा पहिला सण होता. देव थोरल्याकडे, म्हणून रिवाजाप्रमाणे हे बायको आणि तान्ह्या बंटीला घेऊन गावी निघाले. वाटेत बस बिघडली. पोचले तर अंगणात पत्रावळी उचलणं चालू होतं. पंगत उठली होती. भावानं दारातून हाक मारली, हे दारातूनच परत फिरले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. "म्हटलं, भाऊ वाट नाही पाहत तं मी काहून जाऊ? त्यानं एक डाव बलावलं असतं तं..." वहिनी मागून हळूच म्हणाल्या, "बलावलं होतं. दोनदा माणूस धाडला होता. ह्यायनंच वापस लावला." भाऊ खिडकीबाहेर पाहत राहिले. ज्या दुखण्याला त्यांनी भावाचं नाव दिलं होतं, ते त्यांचं स्वतःचं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

दोन्ही बाजूंना धान हिरवागार उभा होता. गावात शिरलो तर सगळं पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं, निवांत. घरासमोर गाडी थांबली. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, एक ठेंगणे, भरल्या अंगाचे म्हातारपणाकडे झुकलेले गृहस्थ खाटेवर बसून चहा पीत होते. धडधाकट. भाऊंनी गाडीतूनच त्यांना पाहिलं आणि इतका मोठा श्वास सोडला की समोरची काच धुरकटली.

उतरले, पण अंगणाच्या कडेला जाऊन थांबले.

शामरावांनी कप खाली ठेवला. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अवं, पाणी आण वं! रामदास आला!"

मी चाटच पडले. इतकी वर्षं आम्ही त्या आवाजाचा दोष आरामशिनीला देत होतो.

"पाणी मंग," भाऊ म्हणाले. "आंधी आयक दादा. माह्या पोरीनं मारबतीत तुयं नाव घेतलं. तिले काही समजत नाही, लहानी हाय. पण घेऊन जा म्हणून म्या ओरडलो. म्हणून आलो. वापस घ्याले आलो."

शामराव गंभीर झाले. "आग लागली होती का?"

"लागली होती. इझवली."

"पुरी जळली का अर्धी?"

"अर्धी."

शामरावांनी मान हलवली, केस तपासल्यासारखी. मग खाटेवर सरकून जागा केली. भाऊ बसले नाहीत.

"म्या बी घेतो तुयं नाव," शामराव म्हणाले. "दरसाली. इथं सारे पळसाच्या फांद्या घेऊन शिवेवर जाते नं पोळ्याच्या दुसऱ्या रोजी. तू दारातून वापस गेला त्या साली म्या बी रागात ओरडलो, रामदासले घेऊन जा गे मारबत! सारी रात डोयाले डोया नाही लागला. तुयी वहिनी बोल बोल बोलली. मंग पुढच्या सालापासून म्हणतो, रामदासचा राग घेऊन जा. आज सकायी बी म्हणलो." त्यांनी भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज नेला वाटते तिनं."

भाऊ खाटेवर बसले ते थोरल्याच्या मांडीवर डोकं टाकूनच. मोठी माणसं अशी रडताना मला बघवत नाहीत. मी वळून धानाकडे पाहत राहिले, आणि वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होत्या. मुलं अंगणात बैलाच्या रंगवलेल्या शिंगांजवळ उभी होती. आतून शामरावांची बायको, मुलांची मोठी आई, पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो तिच्या हातात तसाच राहिला.

शेवटी चिमीच सगळ्यांच्या मधे येऊन उभी राहिली. तिचं काम अजून व्हायचं होतं.

"वापस कसं घ्याचं?" तिनं विचारलं.

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहायला लागले. मग जी चर्चा सुरू झाली ती अख्ख्या गावानं ऐकली असणार.

"असा रिवाज नाही गा आपल्यात," शामराव म्हणाले. "गेलेलं वापस बलवाचा."

"नसन तं काढू!" भाऊ ताडकन उठले. डोळे अजून ओले, आणि चेहऱ्यावर तोच झपाटलेला आनंद. "घेऊन जा म्हणता येते तं घेऊन ये काहून म्हणता येत नाही? चाल शिवेवर!"

मला निघणं भाग होतं. आमच्या यांचे फोनवर फोन येत होते, आणि झंझाड मंडळी काही त्या दिवशी परत येणार नव्हती. मी सगळ्यांचा निरोप घेतला, मोठ्या आईनं बळेच दिलेला करंज्यांचा डबा सीटवर ठेवला आणि गाडी काढली. गावाच्या शिवेवर रस्ता वळतो. तिथे कडेला सकाळी फेकलेल्या पळसाच्या फांद्या पडल्या होत्या, पानं कोमेजायला लागलेली. मी वळणावर थांबले.

मंडळी माझ्या मागूनच चालत आली होती. पुढे चिमी, तिच्यामागे दोघे भाऊ, सारख्याच ठेंगण्या चालीचे, आणि त्यांच्यामागे हे काय चाललंय म्हणून निघालेलं अर्धं गाव. चिमी फांद्यांच्या ढिगापाशी उभी राहिली. श्वास घेतला, डोळे मिटले.

"मोठेबाबाले..."

"घेऊन ये गे मारबत!" सगळे ओरडले. भाऊंनी भाजलेले हात वर केले होते.

मग शामराव पुढे झाले. गळ्यातला दुपट्टा सावरला, रिकाम्या रस्त्याकडे तोंड केलं आणि छाती फुगवून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "माह्या रामदासले घेऊन ये गे मारबत!"

आणि रामदास त्यांच्या शेजारीच उभा होता.